शाळेच्या व्हिडिओसाठी ग्राफिक्स कार्ड : आधी काम ठरवा, मग दुकानात जा



२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्यापैकी कितीतरी जण मोबाईलवर पाठाचे व्हिडिओ बनवायला शिकले. काइनमास्टरवर सुरुवात झाली, मग मोबाईल अडखळू लागला आणि आता कॉम्प्युटर घ्यायचा विचार सुरू आहे. दुकानात गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "सर, एडिटिंग करायचंय ना? मग मोठं ग्राफिक्स कार्ड लागेलच." माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक शिक्षकांना ते लागत नाही. ज्यांना लागतं, त्यांनीही ते नाव बघून घेऊ नये, काम बघून घ्यावं.

आधी काम समजून घेऊ. फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के मध्ये त्याच्या बरोबर चौपट. सेकंदाला अशी २५-३० चित्रं! म्हणून मोबाईल प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही, बदललेला भागच साठवतो. आपणही फळ्यावर बेरीज शिकवताना दरवेळी फळा पुसून सगळं गणित पुन्हा लिहीत नाही, नवा आकडाच लिहितो, तसंच. पण एडिटिंग करताना कॉम्प्युटरला ती चित्रं पुन्हा पूर्ण उलगडावी लागतात आणि शेवटी परत आवळून फाईल बनवावी लागते. अडखळतं ते बहुतेक इथेच.

आता महत्त्वाची गोष्ट. हे उलगडण्या-आवळण्याचं काम करणारा खास भाग अनेक इंटेल प्रोसेसरमध्ये आतच असतो. २०११ पासून त्याला 'क्विक सिंक' म्हणतात. पण प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४००एफ, तर त्यातला ग्राफिक्सचा भाग बंद असतो आणि कार्ड घ्यावंच लागतं. नुसत्या १२४०० मध्ये तो चालू असतो. 'एफ' थोडा स्वस्त मिळतो आणि त्याच्या मागून कार्डाचा खर्च येतो. एका अक्षराचा हा फरक बिल करण्याआधी बघा.

कार्ड घ्यायचंच असेल तर सगळ्यात स्वस्त कार्डाचा मोह टाळा. जीटी १०३० किंवा आरएक्स ६४०० या कार्डांमध्ये व्हिडिओ आवळणारा भागच नाही. पडद्यावर चित्र छान दिसेल, पण फाईल बनवताना त्याची मदत होणार नाही. मग पैसे कशाचे दिले?

सॉफ्टवेअरही आधी ठरवा. शॉटकट, केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर बरंचसं काम प्रोसेसरवरच करतात. दा विंची रिझॉल्व्ह मात्र रंग आणि इफेक्टसाठी कार्डावर खूप विसंबतं. ते वापरणार असाल तर कार्डावर किमान ४ जीबी मेमरी हवी, ६ असेल तर उत्तम.

आता आपल्या खान्देशचा प्रश्न, ऊन. आमच्या दीपनगरला औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात, पण एप्रिल-मे मध्ये भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पंख्याखालचा कॉम्प्युटरही तापतो. कार्ड फार तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. म्हणजे जास्त वॅटच्या कार्डाला पैसे मोजायचे आणि उन्हाळ्यात वेग कमीच! आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबीचं १३० वॅटचं कार्ड मिळतं आणि ६ जीबीचं ७० वॅटचंही. दुसऱ्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वीजवायर लागत नाही, साधा एसएमपीएस पुरतो. आपल्याकडच्या शाळेच्या खोलीसाठी मला दुसरंच योग्य वाटतं.

आणि पैसे? समग्र शिक्षातून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता, सगळं. एखादं मध्यम कार्ड एवढी रक्कम एकट्यानेच गिळून टाकतं. मग कार्ड येतं ते आपल्या खिशातून, नाहीतर लोकवर्गणीतून. कापूस विकून कुणीतरी दिलेला तो पैसा असतो. म्हणूनच हा विषय फक्त हौसेचा नाही.

माझा क्रम असा आहे. पहिल्यांदा कॉलरला लावायचा माईक. आवाज घुमला तर फोर-के चित्रही मूल बघत नाही. मग एसएसडी आणि १६ जीबी रॅम. मग 'एफ' नसलेला प्रोसेसर. एवढ्यावर फुल एचडीतला दहा मिनिटांचा पाठ आरामात तयार होतो. यावर वर्षभर काम करा. तरीही अडखळत असेल, तर तेव्हा कार्ड घ्या. डेस्कटॉपमध्ये नंतर बसवता येतं. लॅपटॉपमध्ये सहसा येत नाही, म्हणून एडिटिंगसाठी डेस्कटॉपच बरा.

कुणी म्हणेल, स्पर्धेत चकचकीत व्हिडिओच निवडले जातात. असेलही. पण आपला व्हिडिओ बघणारं मूल आईच्या मोबाईलवर, उरलेल्या नेटपॅकवर, छोट्या पडद्यावर बघतं. त्याला फोर-के कळतही नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आपले सर किंवा मॅडम आपल्याशी बोलतायत, हातचा कसा घ्यायचा ते अहिराणीत नाहीतर लेवा बोलीत समजावतायत. पहिलीच्या मुलासाठी त्याच्या बोलीतला पाठ बाहेरचा कुणी मोठा स्टुडिओ क्वचितच बनवेल. तो आपल्यालाच बनवावा लागणार आहे.

पालकहो, लोकवर्गणीची वही तुमच्यापुढे आली तर एकच प्रश्न जरूर विचारा : "गुरुजी, यानं पोरांना काय जास्त मिळणार?" ज्या शिक्षकाने आधी काम ठरवलं असेल, त्याच्याकडे उत्तर तयार असेल. त्याला खुशाल मदत करा.