निकामी तोफांचा रणगाडा

यंदाच्या स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धेला ‘शौर्य’ हा विषय होता. बहुतेक वक्त्यांनी तलवारी उपसल्या, खिंडी लढवल्या आणि शत्रूची मुंडकी उडवली. मी एका ब्रिटिश रणगाडा-अधिकाऱ्यावर बोललो. खाली उतरतो न उतरतो तोच एका मित्राने ऐकवले, “बेचाळीस सालच्या साहेबाचं कोडकौतुक तुला कशाला रे?” बक्षीस तर हुकलेच; पण त्या प्रश्नाचे उत्तरही तेव्हा सुचले नाही. ते इथे देतो.

हेन्री फूट याचा जन्म १९०४ चा, तोही बंगालमधील ईशापूरचा. १९४२ च्या उन्हाळ्यात लिबियाच्या वाळवंटात सातवी रॉयल टँक रेजिमेंट लेफ्टनंट कर्नल फूटच्या हाताखाली होती. मे अखेरीस रोमेलने गाझालाच्या फळीवर हल्ला चढवला. या लढाईत ब्रिटिश रणगाड्यांची पंचाईत अशी, की त्यांतील बऱ्याच रणगाड्यांवरची तोफ लहान, आणि तिला फक्त भरीव गोळा. वाळूत पुरून बसवलेली रणगाडाविरोधी तोफ उडवायला स्फोटक गोळा लागतो; तो त्यांच्यापाशी नव्हता. उलट जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ, मुळात विमाने पाडण्यासाठी केलेली, दूरवरूनच रणगाड्याचे चिलखत फोडी. असा हा विषम सामना होता.

६ जूनला फूटचा रणगाडा निकामी झाला. दुसऱ्यात जाताना त्याच्या मानेला जखम झाली. तरी रणगाड्याच्या बाहेर, उघड्यावर राहून त्याने पलटण पुढे नेली. आणखी एक रणगाडा बंद पडला, तेव्हा भर गोळीबारात हा पायीच निघाला. दोन डिव्हिजनना वेढण्याचा शत्रूचा डाव संध्याकाळपर्यंत फसला होता.

पण मला मोठा वाटतो तो १३ जूनचा प्रसंग. नाइट्सब्रिज हे नाव लंडनचे, जागा मात्र वाळवंटातल्या वाटांच्या तिठ्याची. तिथून गार्ड्स ब्रिगेडला माघार घ्यायची होती आणि तोवर शत्रूचे रणगाडे थोपवून धरायचे होते. रणगाड्यांची पहिली फळी नष्ट झाली. उरलेल्यांमध्ये फूट एका रणगाड्याकडून दुसऱ्याकडे पायी फिरला, माणसांना धीर दिला. मग एका रणगाड्यात चढून त्याने तो सर्वांच्या पुढे नेऊन उभा केला आणि सगळ्यांना दिसेल असा स्वतः वरच्या बुरुजात राहिला. त्या रणगाड्यावर गोळे आदळले होते, तोफा सगळ्या निकामी झाल्या होत्या. वाट मात्र उघडी राहिली आणि ब्रिगेड तीतून निघून गेली.

घोडखिंडीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. फरक इतकाच, की बाजीप्रभूंच्या हाती शस्त्र होते. फूटच्या रणगाड्यातून एकही गोळा सुटणार नव्हता. त्याच्याकडे द्यायला उरले होते ते फक्त त्याचे दिसणे. आपल्या भाषणांतले शौर्य किती मारले यावर मोजले जाते, ही माझी खरी तक्रार आहे.

पुढे काय झाले? पराभव! आठच दिवसांनी, २१ जूनला, टोब्रुक पडले. सुमारे तेहतीस हजार सैनिक कैद झाले, त्यांत फूटही होता. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो मे १९४४ मध्ये. पुढे तो मेजर जनरल झाला, चिलखती दलाचा संचालक झाला, १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि १९९३ मध्ये वारला. ही बढत्यांची यादी मला तितकीशी ओढत नाही.

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळतो. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट बेचाळीसमध्ये, याच साहेबाचे सरकार आपल्या माणसांना तुरुंगात डांबत होते, हे मी विसरलेलो नाही. त्या सरकारचे कौतुक माझ्या भाषणात नव्हतेच. आणि ते वाळवंट तरी नुसते साहेबाचे कुठे होते? २० जूनला टोब्रुकवर जर्मनांचा मुख्य घाव पडला तो आग्नेयेकडच्या बाजूवर. तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. आपलीच माणसे, इथल्याच घाटमाथ्यावरची अन् कोकणातली. वरून बॉम्ब, समोरून रणगाडे. त्या दिवशी त्यांच्यातला कोण कुणासाठी खंदकाबाहेर उभा राहिला, हे आपण कधी विचारले आहे का? फूटने काय केले ते साहेबाने लिहून ठेवले, म्हणून मला सांगता आले. उरलेल्यांचे लिहिणे आपले काम होते.

मी हे हक्काने म्हणतो, कारण माझ्या आजीचे वडील त्या पलटणीत होते. तेही कैद झाले आणि लढाई संपल्यावर घरी आले. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी आजीला विचारले, तेव्हा तिला गावाचे नाव तेवढे आठवले. टोब्रुक नव्हे, ते ‘तबरूक’ म्हणत. तिथे काय झाले हे त्यांना कुणी विचारले नाही, आणि तेही आपण होऊन बोलले नाहीत.