'तुरळक ठिकाणी'चा अर्थ

पावसाळ्याच्या चार महिन्यांत महाराष्ट्रात आवर्जून वाचली जाणारी आणि तितकीच थट्टेचा विषय होणारी बातमी म्हणजे हवामानाचा अंदाज. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आता जुना झाला आहे. अंदाज चुकला तर शहरातल्या माणसाचे कपडे भिजतात. कोरडवाहू शेतकऱ्याचे मात्र बियाणे, खत आणि प्रसंगी अख्खा हंगाम जातो. म्हणूनच अंदाज खरा ठरला की खोटा, याच्याही आधी तो नेमके काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

२०२५ चा हंगाम या दृष्टीने बोलका ठरला. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत तो नेहमीच्या तारखेपेक्षा सुमारे पंधरा दिवस आधीच दाखल झाला. पाठोपाठ त्याची वाटचाल थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. पेरणीची घाई करू नये, असे आवाहन कृषी विभागाला करावे लागले. देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस होईल, असा हवामान विभागाचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो १०८ टक्के झाला. म्हणजे अंदाज उत्तम साधला. परंतु जूनमध्ये चाड्यावर मूठ धरावी की नाही, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली जातील, हेही त्यातून कळण्यासारखे नव्हते.

या अडचणीचे मूळ ढगाच्या घडणीतच आहे. तापलेल्या जमिनीमुळे किंवा डोंगराच्या अडथळ्यामुळे बाष्पयुक्त हवा वर चढते. वरचा दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने थंड होते. एका उंचीवर तिला बाष्प पेलवेनासे होते. मग समुद्री मीठ, धूळ वा धूर यांच्या सूक्ष्म कणांवर बाष्प जमून जलकण तयार होतात, तोच ढग. बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते आणि ढग फोफावतो. मात्र ढग आला म्हणजे पाऊस आला असे नव्हे. ढगातील जलकण इतके बारीक असतात की पावसाचा एक थेंब बनण्यासाठी असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. तेवढे बाष्प वा तेवढा अवधी मिळाला नाही, तर आभाळ भरून येते आणि तसेच ओसरते.

सह्याद्रीच्या माथ्यावर हवेला वर चढविण्याचे काम डोंगर करतो. त्यामुळे महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. हा फरक दरवर्षीचा, म्हणून सांगता येण्याजोगा. वळवाच्या किंवा परतीच्या पावसातील गडगडाटी ढगाचे तसे नाही. त्याचा विस्तार काही किलोमीटरचा आणि आयुष्य बहुधा तास-अर्ध्या तासाचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या कुलाब्यात अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. एकाच शहराची ही कथा असेल, तर संपूर्ण जिल्ह्यासाठी एका ओळीत दिलेल्या अंदाजाची मर्यादा वेगळी सांगायला नको.

हवामान विभाग ही मर्यादा लपवीत नाही. ती त्याच्या शब्दांतच असते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्के वा त्याहून कमी केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत किमान ६४.५ मिलिमीटर. तेव्हा 'तुरळक ठिकाणी जोरदार' या अंदाजात निम्म्याहून अधिक गावांत तसा पाऊस होणार नाही, हेही अध्याहृत असते. बातमीच्या मथळ्यात मात्र 'तुरळक' गळते आणि 'मुसळधार' तेवढे उरते. वाचकाच्या मनात अंदाज खोटा ठरतो तो इथेच.

विज्ञान पुढे सरकते आहे, यात शंका नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत अंदाज प्रणाली देशाकडे सहा किलोमीटरच्या चौकटींतून पाहते. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरची होती. डॉप्लर रडारमुळे पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. राज्यात 'महावेध' प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत उभी राहिली. पण ही केंद्रे पडलेला पाऊस मोजतात. पडणाऱ्या पावसाचे भाकीत शेतकऱ्याच्या भाषेत कोणीतरी उलगडावे लागते. कृषी विज्ञान केंद्रांमधील जिल्हा कृषी हवामान केंद्रे नेमके हेच काम करीत होती. ती योजना पुढे न चालविण्याचा निर्णय केंद्राने २०२४ मध्ये घेतला. यंत्रणेवर कोट्यवधींचा खर्च करायचा आणि ती माणसापर्यंत पोहोचविणारा दुवा मात्र तोडायचा, हे शहाणपणाचे नाही.

पेरणीचा निर्णय जिल्ह्याच्या अंदाजावर नव्हे, तर आपल्या शिवारात पडलेल्या पावसावर आणि जमिनीतील ओलीवर घ्यावा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज घाई करू नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला त्यामुळेच आजही मोलाचा आहे. त्याला जोड हवी ती तालुकावार, शक्यतेच्या टक्केवारीसह आणि सोप्या मराठीत दिलेल्या अंदाजाची. दुबार पेरणीचे संकट टाळण्यासाठी एवढे तरी व्हायलाच हवे.