गोळी बीपीची, निवाडा साखरेचा

डायलिसिसवरच्या रुग्णाला बीपीची कोणती गोळी द्यावी, याचा निवाडा हल्ली इन्सुलिनच्या नावाने होऊ लागला आहे. टेल्मिसार्टनने इन्सुलिन रेझिस्टन्स कमी होतो म्हणून ती घ्या, बीटा ब्लॉकर साखर बिघडवतात म्हणून ते टाळा, असं ठामपणे सांगितलं जातं. आपल्याकडे डायलिसिसपर्यंत पोचलेल्या कितीतरी जणांच्या किडन्या मधुमेहानेच गेलेल्या असतात, त्यामुळे घरच्यांना हे लगेच पटतं. मला मात्र हा युक्तिवाद मान्य नाही.

पूर्वपक्षात खरं आहे ते आधी पदरात घेऊ. किडनी निकामी झाली की मधुमेह नसलेल्यांचे स्नायूसुद्धा इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हे मोजून दाखवलं. मधुमेह नसलेल्या डायलिसिसच्या रुग्णांतही ज्यांचा रेझिस्टन्स जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त, असं 2002 मध्ये जपानी संशोधकांना आढळलं. टेल्मिसार्टनबद्दलचा दावाही हवेतला नाही. पायोग्लिटाझोन पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर काम करते, त्यालाच ही गोळी प्रयोगशाळेत थोडंफार चेतवते. मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरने मधुमेहींची एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, किंचित वाढते आणि कार्व्हेडिलॉल या दुसऱ्या बीटा ब्लॉकरने वाढत नाही, हे 2004 च्या ‘जेमिनी’ चाचणीत दिसलं आहे.

पण प्रयोगशाळेतला गुण रुग्णाच्या अंगी लागतोच असं नाही. 2008 च्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीत पंचवीस हजारांवर लोक होते. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्यांची तिथे थेट तुलना झाली आणि नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण टेल्मिसार्टनच्या गटात कमी निघालं नाही. ते लोक तर डायलिसिसवरही नव्हते. डायलिसिसच्या रुग्णात या रेझिस्टन्सची मुळं कितीतरी खोल असतात. रक्तात साठलेली विषद्रव्यं, वाढलेलं आम्ल, सतत धुमसणारा दाह, झडत चाललेले स्नायू, सगळेच त्याला कारण. डीफ्रॉन्झोंच्या रुग्णांत तो कमी झाला, तो काही आठवडे नियमित डायलिसिस झाल्यावर.

‘गोळी बदलल्यावर साखर सुधारली’ हा अनुभवही तपासून घ्यावा लागतो. इन्सुलिनचा बराचसा भाग किडनीत मोडतो. ती थांबली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर आपोआप उतरू लागते. लाल पेशींचं आयुष्य घटलेलं असतं, त्यात रक्तवाढीचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू असतं, म्हणून एचबीएवनसी खोटी कमी दिसते. याचं श्रेय बीपीच्या गोळीला कसं द्यायचं?

आता मुख्य मुद्दा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘एचडीपाल’ चाचणीत बीपी वाढलेल्या आणि हृदयाची भिंत जाड झालेल्या, हिमोडायलिसिसवरच्या 200 रुग्णांना लिसिनोप्रिल किंवा अटेनोलॉल दिलं. अटेनोलॉल म्हणजे साखरेच्या दृष्टीने बदनाम बीटा ब्लॉकर. ती आठवड्यातून तीनदा, डायलिसिस संपल्यावर दिली जात होती. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना लिसिनोप्रिलच्या गटात 43 झाल्या, अटेनोलॉलच्या गटात 20. चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. ती लहान होती आणि रुग्ण बहुतांश कृष्णवर्णीय होते, म्हणून हाच शेवटचा शब्द असं मी म्हणत नाही. पण साखरेवरून गोळी निवडणाऱ्यांना या आकड्यांना उत्तर द्यावं लागेल. आणि ‘मग कार्व्हेडिलॉल द्या, साखरही सांभाळली जाईल’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की मशीनवर असताना बीपी एकदम पडण्याचा त्रास त्या गोळीने जास्त होतो.

मग निवड कशावरून करायची? आधी वजनकाट्यावरून. दोन डायलिसिसच्या मधे रुग्ण तीन-चार किलो वाढून येतो. ते वजन पाण्याचं असतं आणि पाणी मिठामागे येतं. शरीरात नऊ ग्रॅम मीठ साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतं. पापड, लोणचं, सुकट, ठेचा चालू ठेवून बीपीसाठी चौथी गोळी वाढवणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. मग मशीनवर चार तासांत ते सगळं पाणी ओढावं लागतं, शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी पडतं, आणि काढलेलं पाणी सलाइनच्या रूपाने परत द्यावं लागतं. 2009 च्या ‘ड्रिप’ चाचणीत गोळ्या न वाढवता ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, जेमतेम किलोभर उतरवलं, तर आठ आठवड्यांत वरचं बीपी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे सात अंकांनी जास्त उतरलं.

त्यानंतरही गोळी लागेलच. ती निवडताना हृदयाची स्थिती बघावी, पोटॅशियम बघावं, गोळी मशीनमधून धुऊन जाते का तेही बघावं. अटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल धुऊन जातात. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि कार्व्हेडिलॉल टिकतात. टेल्मिसार्टनने पोटॅशियम चढू शकतं, आणि डायलिसिसच्या रुग्णाला चढलेलं पोटॅशियम साखरेच्या दोन अंकांपेक्षा फार लवकर मारतं. या सगळ्या कसोट्यांत टेल्मिसार्टन बसत असेल तर जरूर द्यावी, पण बीपीची गोळी म्हणून.

हे वाचून कुणीही चालू गोळी मनाने बंद करू नये. बीटा ब्लॉकर एकाएकी तोडणं धोक्याचं असतं. पुढच्या डायलिसिसला जाल तेव्हा डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: ‘माझं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं?’