रिकामा डोंगर

गेल्या रविवारी मामांचा फोन आला. मामा पाटण तालुक्यातले. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या ते वीसेक वर्षं बघतायत. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाले, "काय रे, तुमच्या नॉर्वेत लोक पवनचक्क्यांविरुद्ध कोर्टात जातात म्हणे? पोट भरलेल्यांची नाटकं, दुसरं काय!"

खरं सांगायचं तर इथे आलो तेव्हा माझंही हेच मत होतं. ट्रॉनहाइमला पीएच.डी. केली ती पवनचक्क्यांवरच, आणि आज पगारही त्याच विषयाचा घेतो. आमच्या नकाशांवर वारा रंगात दाखवतात. जिथे लाल तिथे वारा जोरात. हे लाल ठिपके बहुतेक समुद्राजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरमाथ्यांवर. झाड नाही, घर नाही. एका अहवालात अशा जागेपुढे मी 'वापर : नाही' असं लिहूनही टाकलं होतं!

ट्रॉनहाइमच्या फ्योर्डपलीकडे फोसेन नावाचा भाग आहे. तिथे स्टुरहेया आणि रुआन या दोन ठिकाणी मिळून 151 पवनचक्क्या आहेत. हे डोंगर म्हणजे सामी लोकांच्या रेनडिअरची हिवाळ्यातली कुरणं. रेनडिअर हिवाळ्यात बर्फाखालचं दगडफूल उकरून खातात. बर्फ जाड झाला किंवा वरून गोठला की तोंड पोचत नाही. मग ते कुठे जातात? जिथे वारा बर्फ उडवून लावतो अशा उघड्या माथ्यांवर. म्हणजे मला जो वारा विजेसाठी हवा, तोच त्यांना चाऱ्यासाठी हवा. आणि चक्क्या उभ्या राहिल्या, रस्ते झाले की रेनडिअर त्या भागाकडे फिरकत नाहीत. माझा 'वापर : नाही' तेव्हा मला फार टोचला.

सामी लोक आधीपासून नको म्हणत होते. तरी 2013 साली परवाने पक्के झाले, 2020 पर्यंत चक्क्या फिरायलाही लागल्या. आणि 11 ऑक्टोबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की परवाने बेकायदा, सामींचा आपली संस्कृती जगण्याचा हक्क डावलला गेला. आता बोला! निकालानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. 500 दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी 2023 मध्ये, सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयात ठिय्या दिला, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली. पुढे डिसेंबर 2023 आणि मार्च 2024 मध्ये तडजोडी झाल्या : दरवर्षी भरपाई, हिवाळ्यासाठी दुसरी कुरणं. चक्क्या मात्र आहेत तिथेच आहेत.

विरोधकांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. नॉर्वेची जवळपास 90 टक्के वीज धरणांतून येते, म्हणून 'आम्हाला वारा कशाला?' असं इथे बरेच जण म्हणतात. तेच लोक विजेवरची गाडी घेतात, आणि देश तेल आणि गॅस विकून श्रीमंत झालाय हे सोयीस्कर विसरतात. ही वाढती वीज कुठून तरी यायलाच हवी. डोंगराचं रूप बिघडतं ही तक्रार मला आधी चैनीची वाटायची. पण सुट्टी म्हटली की पाठीला पिशवी लावून डोंगरात जाणाऱ्या या लोकांना तिथे रुंद रस्ते खणलेले पाहून काय वाटत असेल, ते आता थोडं कळतं. आपल्या गडाच्या माचीवर डंपर चालवून पाहा!

पक्ष्यांचंही तेच. स्मोला बेटावर 68 चक्क्या आहेत, आणि पात्यांना धडकून समुद्री गरुड मरतात. तिथल्या संशोधकांनी चार चक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं आणि पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले, असं 2020 साली छापलं. चारच चक्क्या, तेव्हा फार नाचू नये. पण असे उपाय सुचतात ते कुणीतरी तक्रार लावून धरली म्हणूनच.

हे सगळं मामांना सांगितलं, आणि मग त्यांच्या सातारा जिल्ह्यातलीच गोष्ट सांगितली. चाळकेवाडीच्या पठारावर बंगलोरच्या संशोधकांनी काम केलं, ते 2018 साली प्रसिद्ध झालं. जिथे चक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. त्यामुळे सरडे वाढले, आणि निर्धास्तही झाले. गळ्याखाली निळा-नारिंगी पंखा फुलवणारा हा सरडा. त्याच्या कुळाचं शास्त्रीय नावही आपल्याच 'सरडा' शब्दावरून 'सराडा' असं 2016 साली ठेवलंय. पठार रिकामं कुठे होतं? आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच.

मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही. कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा. पण जिथे वारा आहे तिथे त्या वाऱ्यावर जगणारं कोणीतरी आधीपासून असतं, हे धरूनच नकाशा उघडावा. नवा माथा फोडण्याआधी जुन्या जागा नीट वापराव्यात. साताऱ्याकडच्या जुन्या चक्क्या काहीशे किलोवॅटच्या, आजची एक चक्की तशा आठ-दहांचं काम करते. आणि विचारायचं ते खांब उभा करण्याआधी. फोसेनला कोर्ट जिंकूनही डोंगर परत मिळाला नाही.

मामा जरा वेळ गप्प होते. मी चिडवलं, "तुमच्याकडे तर चक्क्या पाऊस पळवतात म्हणायचे!" ते हसले. "ते येडेपणाचंच होतं. ढग कुठं, चक्क्या कुठं! पण एक सांगू? आमची गुरं त्या पठारावर चरायची. तेव्हा कोणी विचारलं नाही, म्हणून लोक पावसाचं बोलले असतील."

सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी तो जुना अहवाल उघडला. 'वापर : नाही' खोडून 'वापर : विचारून लिहिणे' असं केलं. साहेबांनी अजून पाहिलेलं नाही.