खतावणी आणि संगणक

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून नोकरी गेलेला पुतण्या परवा गुलमंडीतल्या दुकानात बसून म्हणाला, "काका, अकरा वर्षे एकच प्रणाली सांभाळली. कंपनीबाहेर तिचे नावही कोणाला ठाऊक नाही."

मला माझे दिवस आठवले. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे बँकांच्या शाखांत खतावणीची यंत्रे येऊ लागली. प्रशिक्षणास जाता का, अशी विचारणा झाली तेव्हा मी नकार दिला. उभ्या बेरजा तोंडी करण्याचा मला अभिमान होता. फाजीलच म्हणा ना! माझा कनिष्ठ सहकारी गेला आणि काही वर्षांनी माझाच वरिष्ठ होऊन आला. यंत्र मीही शिकलो, पण उशिरा. मात्र दिवसअखेर मेळ का बसत नाही, हे शोधायला तो मलाच हाक मारी.

"तुझ्या प्रणालीत काय चाले?" मी पुतण्याला विचारले.

"गोदामातल्या मालाचा हिशेब."

"मग तो हिशेब तुला येतो, की नुसती प्रणाली येते?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घराचा हप्ता पाच तारखेला असतो, काका."

आम्ही वही उघडली आणि आधी हप्त्याचेच गणित मांडले.