९४०१ जणांचं गाऱ्हाणं आणि आमची आंब्याची बाग

परवा मालवण बाजारात चहाच्या टपरीवर एक ओळखीचे बागायतदार भेटले. चांगला माणूस, अडीअडचणीला धावणारा. बोलता बोलता म्हणाले, "ह्या वर्षी दोन नेपाळी गडी रातोरात पळाले रे. पुढच्या वर्षापासून त्येंची कार्डां आधीच काढून घेवची. मगे खंय जातले?" बाजूचे सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितोय.

मंडळी, हेच वाक्य दीडशे वर्षांपूर्वी आपल्याबद्दल बोललं जात होतं.

१८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास. त्यातले हजारो मुंबई बंदरातून गेले, आणि त्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ. आणि १९८१ पर्यंत आपलं मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, हे नव्या पोरांसाठी सांगतो. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि आपल्या जाखडीची बहीण झाकरी तिथे अजून नाचली जाते. तेवढं ऐकून आपली छाती फुगते. पण त्यांनी तिथे काय सोसलं, ते आपण विचारत नाही.

तिथे 'दुहेरी कपात' होती. एक दिवस कामाला आला नाहीस तर दोन दिवसांचा पगार कापायचा. पाच वर्षांचा करार संपवून सुटलेल्या माणसालाही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्याला फोटो लावलेला पास कायम जवळ बाळगावा लागे. पास घरी राहिला आणि माणूस बाजारात सापडला, की भटक्या ठरवून उचलला. म्हणजे कागद हातात ठेवला की माणूस हातात राहतो. बागायतदारांना टपरीवर सुचलेली युक्ती काही नवीन नाही!

अशा वेळी एक माणूस पुढे आला. आदोल्फ द प्लेव्हित्झ. गोरा, युरोपात जन्मलेला, तरुणपणी सैन्यात होता. १८५८ मध्ये मॉरिशसला आला आणि पुढे नुवेल देकुव्हर्त इथला आपल्या सासऱ्यांचा मळा सांभाळू लागला. म्हणजे बसला होता मळेवाल्यांच्याच पंगतीत. शेजारच्यांसारखं गप्प राहिला असता तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण मजूर आपली दुखणी घेऊन त्याच्याकडे येत, आणि तो ती ऐकून घेई. १८७१ मध्ये त्याने जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला. खाली सह्या आणि अंगठे किती? ९४०१. तो अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला.

मग काय झालं? मळेवाले खवळले. ह्याला बेटाबाहेर हाकला, असा उलटा अर्ज त्यांनी केला. पोर्ट लुईमध्ये एका मळेवाल्याने त्याला मारहाण केली. गव्हर्नरने मात्र त्याला हाकललं नाही. १८७२ मध्ये विलायतेहून चौकशी आयोग नेमला गेला. त्यातले एक होते विल्यम फ्रीअर, आपल्या मुंबई इलाख्यात नोकरी करून निवृत्त झालेले. १८७५ च्या अहवालात गाऱ्हाण्यात तथ्य असल्याचं निघालं आणि १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला. सगळा जाच काही एका दिवसात संपला नाही. दुहेरी कपात विसाव्या शतकापर्यंत टिकली. प्लेव्हित्झलाही पुढे ते बेट सोडावं लागलं.

कोणी म्हणेल, गोऱ्याची आरती कशाला? आरती नाहीच. तो अर्ज त्याचा एकट्याचा नव्हताच. पास काढून घेतला जाईल, पोलीस उचलतील, हे माहीत असून ज्यांनी अंगठा उठवला ते ९४०१ जण खरे धाडसाचे. प्लेव्हित्झचं मोठेपण एवढंच, की त्याने आपल्या पंगतीतल्यांची मर्जी राखली नाही. आणि तेवढंच आपल्याला जमत नाही.

दुसरे म्हणतील, "आमी खंयचे मळेवाले? थ्रिप्सान मोहोर खाल्ल्यान, अवकाळीन उरलेला नेल्यान, डोक्यावर कर्ज!" खरं आहे. आंबा बागायतदार नाडला गेलाय, आणि आगाऊ पैसे घेऊन गडी पळाला तर नुकसान होतं, तेही खरं. पण मग उचल लिहून ठेवा, सही घ्या, हिशोब दाखवा. कार्ड कशाला? आपलं कर्ज बँकेने घरात डांबून वसूल केलं तर चालेल?

आणि दुसरी बाजू बघा. आपलीच पोरं बोटीवर, आखातात नोकरीसाठी एजंटांना पैसे भरतात. तिकडे मालकाने पासपोर्ट काढून घेतला की आपण इथे आमदार-खासदारांचे उंबरे झिजवतो. तो अन्याय, आणि बागेत केला तो बंदोबस्त?

म्हणून मागणं साधं आहे. बागेत असो, मच्छीमार बोटीवर असो की हॉटेलात, गड्याचा कागद गड्याकडे राहू दे. पगार आणि उचल वहीत लिहा आणि त्याला वाचून दाखवा. आजारपणाचा खाडा धरा, पण एका दिवसाचा एकच. ग्रामपंचायतीत बाहेरून आलेल्या कामगारांची नोंद ठेवा, पण ती त्यांच्यावर नजर ठेवण्यापुरती नको, त्यांना गाऱ्हाणं सांगता यावं म्हणूनही असू दे.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मालवणी माणसाला शिकवायला नको. देवासमोर उभं राहून आपण म्हणतो, चुकलं-माकलं असेल तर माफ कर, लेकरांची राखण कर. परमुलखात गेलेल्या लेकरांसाठी ते मागताना आपल्या बागेत राबणारं कोणाचं तरी लेकरूही त्यात धरा.

तेवढ्याक तरी म्हणा, होय म्हाराजा.