दोन डोंगरांमधला सूर्य आता पुरे

आपल्या वर्गातल्या चित्रकलेच्या वह्या एकावर एक ठेवून चाळल्या, तर एकच चित्र पुन्हा पुन्हा सापडते. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खालून वाहणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळाचे झाड आणि वर बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. आपण राहतो मावळात. आपल्याला रोज लोहगड आणि विसापूर दिसतात. त्यातला एकही त्रिकोणी नाही. विसापूरचा माथा लांबलचक सपाट आहे आणि लोहगडाला विंचूकाटा आहे. आणि नारळ तर आमच्या आळीत कोणाच्याच परड्यात नाही! मग तो सगळ्यांच्या वहीत आला कुठून? एकाने दुसऱ्याचे बघून काढले, दुसऱ्याचे तिसऱ्याने.

माझे मत असे आहे, की चित्र बघून चित्र काढणे आपण आता थांबवावे. घरातली एक साधी वस्तू किंवा दारातले एक फूल समोर ठेवावे आणि ते पाण्याच्या रंगांनी काढावे.

काही मुलांना हे पटत नाही. ती म्हणतात, "तांब्यात काय बघायचंय? तांब्या काय आम्ही बघितला नाही?" मी म्हणते, नाही बघितला. तांब्याचे तोंड गोल असते हे सर्वांना माहीत आहे, पण तो बाकावर ठेवून समोर बसले की ते तोंड लंबगोल दिसते. बूडही सरळ रेघेसारखे नसते, तेही वाकलेले दिसते. पितळी तांब्या असेल तर त्याच्या पोटावर वर्गाची खिडकी चमकते, आणि शेजारी टोमॅटो ठेवला तर पितळेवर लाल डाग उमटतो. हे फळ्यावरच्या चित्रात कधीच नसते.

आपल्या तालुक्याचा चित्रांशी जुना संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो १८९९ साली आपल्या मळवलीला आला. दगडावर चित्र उतरवून, एकेका रंगाला वेगळा दगड वापरून, तिथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे छापली जात आणि ती देशभर घरोघर देव्हाऱ्यात जाऊन बसली. पुढे तो छापखाना दुसऱ्या मालकाकडे गेला आणि १९७२ साली आगीत जळाला. छापलेल्या चित्रांना मी नावे ठेवत नाही, आमच्याही घरात आहेत. पण रविवर्मा स्वतः माणसांना समोर बसवून, साडी आणि दागिने नीट बघून रंगवत असत. आपण त्यांची छापील नक्कल घेतो आणि त्यांचे बघणे तेवढे सोडून देतो.

दुसरे उदाहरण सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे. 'ग्लो ऑफ होप' हे त्यांचे चित्र पाण्याच्या रंगातले आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लावलेले आहे. हातात दिवा घेतलेली मुलगी, आणि ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून दिसणारा लालसर उजेड. १९४५ च्या सुमारास त्यांनी ते स्वतःच्या मुलीला उभे करून काढले. म्हणजे मुलगी घरातली आणि दिवाही घरातलाच. तरी लोक ते रविवर्म्याचे समजून बसतात!

आता पाण्याचे रंगच का, ते सांगते. या रंगाच्या आरपार खालचा कागद दिसतो. म्हणून पांढरा रंग लागत नाही. तांब्यावरची चमक हवी असेल तर तेवढा कागद कोराच सोडायचा. आणि फिकट रंग आधी लावायचा, गडद मागून, कारण गडदावर फिकट चढत नाही. त्यामुळे ब्रश टेकवायच्या आधी विचार करावा लागतो. पहिला रंग वाळेपर्यंत थांबावे लागते. लोणावळ्याकडे वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या दिवसांत कागद लवकर वाळतच नाही. घाई केली की लाल हिरव्यात पळतो. मी वही चुलीपासून हातभर लांब धरते, म्हणजे बरे पडते.

पाण्याची भांडी दोन घ्या. एकात ब्रश धुवायचा, दुसरे स्वच्छ ठेवायचे. नाहीतर सोनकीचा पिवळा मातकट होतो. तेरड्याच्या गुलाबीला थोडा रंग आणि पुष्कळ पाणी. पेटीतला हिरवा तसाच लावू नका. निळा आणि पिवळा मिसळून बघा. भाताचा हिरवा आणि सागाच्या पानाचा हिरवा एक नाही.

आमच्या माळ्यावर आजीचे इरले टांगलेले आहे. पूर्वी लावणीला वाकलेल्या बायका पाठीवर इरले घेत. आता सगळे प्लॅस्टिकचा कागद घेतात, आणि इरले विणणारे आमच्या गावात कोणी उरले नाही. मी ते काढायला बसले तेव्हा दादा म्हणाला, "मोबाईलवर फोटो काढ की, एका मिनिटात होईल." फोटो काढलासुद्धा. पण कोणती कामटी वरून जाते आणि कोणती खालून, हे फोटो काढताना मला कळले नव्हते. चित्र काढताना कळले, कारण तिथे अडले. मग आजी जवळ येऊन बसली आणि तिने बोटाने विणकाम दाखवले. दोन रविवार लागले.

आलेल्या पालकांना एक विनंती. "रंग वाया घालवू नको" असे कृपया म्हणू नका. या रंगात डिंक असतो, त्यामुळे वाळलेला रंग ओला ब्रश फिरवला की पुन्हा चालतो. एक पेटी पुष्कळ दिवस पुरते. आणि पुढे हायस्कूलात एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचे असेल, तर तिथे वस्तुचित्राचा पेपर असतोच.

पुढच्या अंकात वरचा कोपरा वस्तुचित्रांसाठी मोकळा ठेवावा, असे मी सरांना सुचवले आहे. खुरपे, कंदील, सूप, जास्वंद, काहीही चालेल. नारळाचे झाडही चालेल, पण ते कोणाच्या परड्यात आहे ते खाली लिहावे.